शिक्षा : एका शब्दाची अनेक घरे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



माळव्यात मराठी भाषा होळकर, शिंदे आणि पवार यांच्या बरोबरीने आली आणि येथे रुजली. घरात मराठी, बाजारात हिंदी किंवा माळवी, असा संसार येथील मराठी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या सुखाने केला आहे. अशा भूमीत मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे ही सोपी गोष्ट नाही. या दीर्घ आणि निष्ठापूर्वक केलेल्या कार्याबद्दल संस्थेचे प्रथम अभिनंदन करतो.

भाषेविषयी काही बोलावे, अशी संयोजकांची इच्छा आहे. भाषा हा अफाट विषय. म्हणून मी एकच शब्द निवडला आहे. तो आपल्या शाळेच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना राहतो आणि दोन्हीकडे वेगळा अर्थ सांगतो. फाटकाबाहेरच्या हिंदी जगात तो मिळावा म्हणून माणसे धडपडतात. फाटकाच्या आत, मराठीत, तो मिळू नये म्हणून विद्यार्थी धडपडतात. तो शब्द म्हणजे ‘शिक्षा’.

आपल्या शाळेला ज्या मंडळाच्या नियमांनुसार चालावे लागते त्याचे नाव ‘माध्यमिक शिक्षा मंडल’. महाराष्ट्रात याच कामाच्या संस्थेला ‘माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ’ म्हणतात. ल आणि ळ यांतील फरक सोडून देऊ. पण ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ यांतील फरक सोडून देता येत नाही. मध्य प्रदेशात ‘शिक्षाकर्मी’ नावाचे शिक्षक होते. नुकत्याच पुण्याहून आलेल्या माणसाने हे नाव ऐकले, तर त्याच्या डोळ्यांसमोर सश्रम कारावास भोगणारा कैदी उभा राहील. हिंदीतील ‘शिक्षार्थी’ विद्या मागतो. मराठीने त्याचा अर्थ लावायचा तर तो हात पुढे करून छडी मागतो आहे, असे म्हणावे लागेल.

संसदेने २००९ साली संमत केलेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या कायद्याचे हिंदी नाव ‘निःशुल्क और अनिवार्य बाल शिक्षा का अधिकार अधिनियम’ असे आहे. मराठी कानांना हे विनामूल्य आणि सक्तीच्या शिक्षेचे आश्वासन वाटते. महाराष्ट्रात कायद्याच्या नावात अर्थातच ‘शिक्षण’ हा शब्द आला. मात्र केंद्र शासनाचे ‘सर्व शिक्षा अभियान’ तेथेही त्याच नावाने राबवले गेले आणि सर्वांना शिक्षा देणाऱ्या या अभियानावर मराठी शिक्षकांनी पुष्कळ विनोद केले.

याच कायद्याचे सतरावे कलम विद्यार्थ्यांना शारीरिक दंड देण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. बोलचालीच्या मराठीत आपण म्हणू, ‘शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहे.’ आता हिंदी माध्यमाच्या शाळेतील वेळापत्रक पाहा. त्यात एका तासिकेपुढे स्पष्ट लिहिलेले असते, ‘शारीरिक शिक्षा’. तेथे तो कवायतीचा आणि खेळाचा तास आहे. म्हणजे एका भाषेत ज्या गोष्टीला कायदा मनाई करतो, तिच्याच नावाचा तास दुसऱ्या भाषेतील वेळापत्रकात असतो. आपण हसतो, पण या दोन अर्थांच्या मध्ये रोज ये-जा करणारे मूल आपल्या शाळेत शिकते. म्हणून हा शब्द जरा खोलात जाऊन पाहणे आपले काम आहे.

प्रथम तो कोठे कोणत्या अर्थाने नांदतो ते पाहू. हिंदी आणि नेपाळी भाषांत शिक्षा म्हणजे विद्या देणे-घेणे. बंगालीत उच्चार ‘शिक्खा’ असा होतो, पंजाबीत ‘सिख्या’ असा. ओडिया आणि असमिया भाषांतही हा शब्द आहे. या सर्व ठिकाणी अर्थ विद्येचा. आता दक्षिणेकडे वळा. गुजरातीत प्रचलित अर्थ दंडाचा, मराठीत दंडाचा. कन्नडमध्ये ‘शिक्षे’ म्हणजे दंड आणि ‘शिक्षण’ म्हणजे विद्या, अगदी आपल्यासारखेच. तेलुगूत ‘शिक्ष’ म्हणजे दंड. तेथे विद्येला ‘विद्या’च म्हणतात आणि ‘शिक्षण’ हा शब्द प्रशिक्षणासाठी वापरतात. मलयाळममध्येही ‘शिक्ष’ दंडाचीच. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेला तेलुगूत ‘शिक्षास्मृती’ म्हणत. हिंदी भाषकाला हे एखाद्या शैक्षणिक ग्रंथाचे नाव वाटले तर नवल नाही.

तेव्हा भारताच्या नकाशावर ढोबळमानाने एक रेषा दिसते. उत्तरेकडील आणि पूर्वेकडील भाषांत शिक्षा शाळेत राहते. पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील भाषांत ती न्यायालयात राहते. विशेष म्हणजे ही रेषा भाषाकुलांची नाही. मराठी आणि गुजराती या आर्यकुलातील भाषा या बाबतीत हिंदीची संगत सोडून द्राविडकुलातील कन्नड आणि तेलुगू यांच्या पंक्तीला बसल्या आहेत. शब्द रक्ताच्या नात्यापेक्षा शेजाराला अधिक मानतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

समुद्रापलीकडेही हीच कथा आहे. थाई भाषेत संस्कृतातून गेलेला ‘सुक्सा’ हा शब्द अभ्यासाचा वाचक आहे. तेथील शिक्षण मंत्रालयाच्या नावात तो आढळतो. पालीतून गेलेला ‘सिक्खा’ हा शब्दही त्या भाषेत आहे. भिक्षूने चीवर उतरवून गृहस्थाश्रमात परतणे याला तेथे ‘ला सिक्खा’, म्हणजे शिक्षेचा निरोप घेणे, असे म्हणतात. उलट मलाय आणि इंडोनेशियाच्या भाषेत ‘सिक्सा’ म्हणजे यातना. नरकयातनांनाही तेथे हाच शब्द लावतात. आणि तरीही त्याच द्वीपसमूहात, जावाच्या पश्चिम भागातील सुंदा प्रदेशात, १५१८ सालचा एक उपदेशपर ग्रंथ आहे, त्याच्या नावातील ‘सिक्सा’चा अर्थ आचरणाचे नियम, शिकवण असा आहे. अर्थाचे हे दोन्ही प्रवाह समुद्र ओलांडून गेले.

मग मूळ अर्थ कोणता? येथे व्याकरणाची थोडी मदत घ्यावी लागेल. संस्कृतात धातूंपासून इच्छादर्शक रूपे होतात. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. पिण्याची इच्छा ती पिपासा. खाण्याची इच्छा ती बुभुक्षा, जिच्यापासून आपली ‘भूक’ आली. ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. गुरूचे ऐकण्यास उत्सुक असलेला शिष्य त्याची सेवाही करीत असे, म्हणून शुश्रूषेचा अर्थ सेवा झाला आणि मराठीत ती रुग्णाच्या उशाशी येऊन बसली. ‘शिक्षा’ हा शब्द याच कुटुंबातील आहे. त्याच्या मुळाशी ‘शक्’ हा धातू आहे. शक्य, शक्ती, समर्थ असणे या अर्थाचा तो धातू. त्याच्या इच्छादर्शक रूपात ‘शिक्ष्’ कसे होते, याचा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात दिला आहे. धातुपाठात ‘शिक्ष्’ हा विद्या ग्रहण करणे या अर्थाचा स्वतंत्र धातू म्हणूनही नोंदलेला आहे.

म्हणजे ‘शिक्षा’ या शब्दाचा मुळातील अर्थ आहे ‘समर्थ होण्याची इच्छा’. आज मला जे जमत नाही ते उद्या जमावे, ही ओढ.

हे संस्कृत व्याकरणातच अडकून राहिले आहे, असे समजू नका. आपण मराठीत रोज म्हणतो, ‘मी करू शकतो’, ‘मी लिहायला शिकतो’. ‘शकणे’ आणि ‘शिकणे’ ही त्याच ‘शक्’ची मुले आहेत. हिंदीतही तशीच जोडी आहे, ‘सकना’ आणि ‘सीखना’. प्राकृतातील ‘सिक्ख’ या रूपातून हिंदीचे ‘सीखना’ आले आणि आपले ‘शिकणे’ही. शकण्याची इच्छा धरणे म्हणजे शिकणे. दोन्ही भाषांतील वर्गात हे एका ओळीत सांगता येईल आणि दोन्ही वर्गांतील मुलांना ते कळेल.

प्राचीन काळी या शब्दाला एक नेमका शास्त्रीय अर्थही होता. शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद आणि ज्योतिष ही सहा वेदांगे. त्यांत शिक्षा म्हणजे उच्चारांचे शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या वल्लीचे नावच ‘शीक्षावल्ली’ आहे, दीर्घ ‘शी’ असलेली; तिच्या आरंभी वर्ण, स्वर, मात्रा अशा उच्चाराच्या अंगांची गणना येते. पुढे याच वल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, तो आजही अनेक विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभांत वाचला जातो. उच्चाराच्या पहिल्या पाठापासून जगात कसे वागावे या शेवटच्या पाठापर्यंतचा प्रवास या एका शीर्षकाखाली आला आहे.

पाणिनीच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘पाणिनीय शिक्षा’ या ग्रंथात वर्णांचा उच्चार कसा करावा हे सांगताना एक उपमा दिली आहे. वाघीण आपले बछडे दातांत धरून नेते. पकड सैल झाली तर बछडे खाली पडेल. घट्ट झाली तर त्याला दात लागेल. या दोन्ही भयांनी ती जशी जपून चालते, तसे वर्ण मुखातून बाहेर न्यावेत. उपमा उच्चारांसाठी आहे. परंतु शिक्षकाच्या संपूर्ण व्यवसायाचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. तिचा उपयोग मी थोड्या वेळाने करणार आहे.

बौद्ध परंपरेने हा शब्द आचरणाकडे नेला. पाली साहित्यात शील, चित्त आणि प्रज्ञा यांची साधना म्हणजे तीन ‘सिक्खा’. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून मराठी भाषकांच्या लक्षावधी घरांत पंचशील म्हटले जाते. त्यातील पाचही प्रतिज्ञांत ‘सिक्खापद’ हा शब्द येतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पाऊल. ते बाहेरून कोणी लादत नाही. म्हणणारा स्वतः त्याचा स्वीकार करतो. बाबासाहेबांचा जन्म आपल्या माळव्यातील महू येथला, ही गोष्ट या सभागृहात वेगळी सांगायला नको. ज्या मराठी भाषेत ‘शिक्षा’ दंडाची झाली, तिच्याच असंख्य घरांत ‘सिक्खा’ आजही साधनेची आहे.

आता प्रश्न असा की, इतक्या उमद्या कुळातील शब्द चावडीवर आणि कोठडीत कसा पोहोचला? वाटेतील पायऱ्या फार अवघड नाहीत. आधी समर्थ होण्याची इच्छा. मग त्यासाठी केलेले अध्ययन. मग दुसऱ्याला दिलेले अध्यापन. मग त्याला लावलेले वळण. आणि वळण लागत नसेल तर केलेला दंड. शेवटच्या पायरीच्या खुणा सर्वच भाषांत आहेत. मराठीत आपण शत्रूला ‘धडा शिकवतो’, हिंदीत ‘सबक सिखाते हैं’. आणि ज्या बंगालीत शिक्षा निखळ विद्येची आहे, तेथेसुद्धा एखाद्याची खोड मोडायची झाली म्हणजे त्याला ‘उचित शिक्षा’ देतात. म्हणजे मघाशी नकाशावर काढलेली रेषा तितकीशी पक्की नाही. तिच्या पलीकडेही दुसरा अर्थ दबा धरून बसलेला आहे.

‘शास्’ या धातूचेही असेच झाले. त्याच्यापासून शिष्य आणि शास्त्र हे शब्द आले, आणि शासनही. कर वेळेवर न भरल्यास महाराष्ट्रातील पालिका जी ‘शास्ती’ लावते, तीही त्यातलीच. बंगालीत दंडाला ‘शास्ति’ म्हणतात. हिंदीने दंडासाठी फारसीतून ‘सजा’ घेतली. फारसीत तिचा अर्थ ‘जे योग्य, जे वाट्याला यावे ते’ असा आहे. दंडाची जागा या शब्दांनी व्यापल्यामुळे त्या भाषांत ‘शिक्षा’ विद्येकडे मोकळी राहिली असावी, असे दिसते. मराठीने दोन शब्द वाटून घेतले. ‘शिक्षण’ शाळेला दिले आणि ‘शिक्षा’ न्यायाधीशाला.

याच ओघात ‘शिस्त’ या शब्दाकडे पाहा. तो दिसतो ‘शिष्ट’चा भाऊ, पण आहे फारसीतून आलेला पाहुणा. हिंदी-उर्दूत ‘शिस्त बांधना’ म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. मराठीने त्याला वागण्यातील नेटकेपणाचा अर्थ दिला. नेम धरणाऱ्याला आपले लक्ष्य माहीत असते आणि त्यासाठी तो हात स्थिर ठेवतो. आपल्या शाळांतून शिस्त या शब्दाबरोबर लक्ष्याचीही आठवण राहिली, तर त्या शब्दाचा धाक बराच कमी होईल.

भाषेचा हा इतिहास मी केवळ मनोरंजनासाठी सांगितलेला नाही. मराठीत शिक्षण आणि शिक्षा हे शब्द वेगळे झाले, ही सोय झाली. पण त्या सोयीची किंमतही आपण मोजली. शिक्षा वेगळ्या कप्प्यात गेल्यावर तिने काही शिकवले पाहिजे, ही अपेक्षाच आपण सोडून दिली. मुलाला वर्गाबाहेर उभे केले; तो तास त्याने भिंतीकडे पाहत काढला. शंभर वेळा एकच वाक्य लिहायला लावले. पन्नासाव्या वेळेनंतर त्या वाक्यातला अर्थ संपला. चारचौघांत त्याचे गुण वाचून दाखवले. तो घरी गेला आणि आपल्याला गणित येणार नाही, असे त्याने कायमचे ठरवून टाकले. या तिन्ही प्रसंगांत दंड झाला. मूळ अर्थाने शिक्षा झाली का? मुलाची ‘शकण्याची इच्छा’ वाढली की मावळली, एवढे विचारले म्हणजे उत्तर मिळते. छडीवाचून विद्या येत नाही, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. छडीने भीती नक्की येते; इच्छा आणण्याची शक्ती छडीत नाही. २००९ च्या कायद्याने छडी बंद केली. अपमानालाही त्याने मनाई केली. परंतु अपमानाचे वळ दिसत नाहीत, म्हणून तेथे कायद्यापेक्षा शिक्षकाची जागरूकता अधिक उपयोगी पडते.

याचा अर्थ चूक दाखवूच नये, असा मुळीच नाही. वाघिणीने पकड सोडली तर बछडे पडते. अशुद्ध लेखन पाहून न पाहिल्यासारखे करणारा शिक्षक दयाळू नसतो. तो निष्काळजी असतो. वही परत देऊन ‘हे पुन्हा लिही, तुला याहून चांगले येईल’ असे सांगणे कठोर वाटेल, पण त्या वाक्यातील ‘येईल’ या शब्दात मुलाच्या सामर्थ्यावरचा विश्वास आहे. वर्गात खोडी करून बाकाचे नुकसान करणाऱ्या मुलाला सुताराबरोबर बसवून ते दुरुस्त करायला लावले, तर त्याला केलेल्या कृत्याची जाणीवही होते आणि एक काम करता येऊ लागते. तेथे आपले दोन्ही अर्थ, मराठी आणि हिंदी, एकाच ठिकाणी येतात.

ते खरोखर एकत्र येऊ शकतात याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रात आहे. औंध संस्थानाच्या काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. शिक्षा भोगणारी माणसे तेथे भिंतींवाचून राहिली, शेती करू लागली. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा हिंदी चित्रपट काढला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक अधिकारी, एवढीच त्याची मांडणी. मराठी अर्थाची शिक्षा भोगायला गेलेली माणसे हिंदी अर्थाची शिक्षा घेऊन परतू शकतात, हे त्या मराठी कलावंतांनी हिंदीत सांगितले. तुरुंगाला हे जमत असेल, तर शाळेला जमायलाच हवे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याविषयी एक गोष्ट सांगतो. पुण्यात वाढलेल्या मुलाकडे या शब्दाचा एक अर्थ असतो, भोपाळमध्ये हिंदी माध्यमात शिकलेल्या मुलाकडे दुसरा. तुमच्याकडे दोन्ही आहेत. दोन भाषांत वाढल्यामुळे आपली एकही भाषा शुद्ध नाही, असे तुम्हांला कधी कोणी म्हटले असेल. त्यांना सांगा की, आम्हांला ‘शकणे’ही माहीत आहे आणि ‘सीखना’ही, आणि त्यांचे नातेही माहीत आहे. मराठी माध्यमाची शाळा या गावात कशासाठी, असे विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर पुरेसे आहे. एकाच भाषेच्या खिडकीतून शब्दाची एकच बाजू दिसते. येथे तुम्ही त्याला प्रदक्षिणा घालता.

आणि शिक्षक मित्रांना एवढीच विनंती की, उद्या एखाद्या मुलाला शिक्षा करण्याची वेळ आली, तर क्षणभर हिंदीत विचार करा. आपण त्याला जी देणार आहोत, ती हिंदीतही ‘शिक्षा’च ठरेल का, हे स्वतःला विचारा. उत्तर होकारार्थी असेल तर अवश्य द्या.

या शाळेतून पुढेही अनेक पिढ्या शिकत राहोत आणि काही तरी करू शकत राहोत, अशी शुभेच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.